अंगण उकरणारा कुत्रा

घराला अंगण असावें, अंगणांत चार फुलझाडें असावींत आणि फाटकापाशीं एक चांगला कुत्रा असावा, अशी इच्छा पुष्कळ गृहस्थांच्या मनांत असते. ह्या तीन गोष्टींपैकीं पहिल्या दोन एकमेकींशीं सुखानें नांदतात. तिसरी आली म्हणजे दुसरीचें कांहीं खरें नसतें. सकाळीं उठून पाहावें तों मोगऱ्याच्या आळ्यांत हातभर खोल खड्डा, तुळशीच्या ओट्यावर मातीचा सडा, आणि ह्या सर्व उलाढालीचा कर्ता नाक मातीनें माखून, शेपूट हालवीत पायरीवर बसलेला! बाहेरच्या माणसास हा प्रसंग विनोदाचा वाटतो. ज्याचें अंगण असतें त्यास तो तसा वाटत नाहीं. आणि पुढें कुत्र्याच्या वांट्यास जें येतें तें तर मुळींच विनोदाचें नसतें. चावणारा कुत्रा जसा घराबाहेर जातो, तसा नुसता उकरणारा कुत्राहि जातो. प्रथम काठी, मग साखळी, मग कोणाच्या तरी शेतावर रवानगी, आणि तेथेंहि न जमल्यास रस्ता, असा त्याचा प्रवास होतो. हा प्रवास जेथून सुरू होतो, त्या खड्ड्याकडेच आज थोडें लक्ष द्यावयाचें आहे.

साताऱ्यासारख्या गांवांतील एक घर डोळ्यांपुढें आणावें. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडील जुनें कौलारू घर. पुढें लांबट अंगण, त्यांत तुळशीवृंदावन, भिंतीच्या कडेनें मोगरा व जास्वंद, गृहिणीनें हौसेनें केलेला अळवाचा वाफा आणि एका कोपऱ्यांत पेरूचें झाड. घरांत नोकरींतून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांच्या पत्नी आणि शिक्षणासाठीं आजी-आजोबांजवळ राहिलेला नातू. ह्या नातवानें दीड वर्षापूर्वीं भर पावसांत रस्त्याच्या कडेस कुडकुडत पडलेलें एक गांवठी पिलूं सदऱ्यांत गुंडाळून घरीं आणलें. त्याचें नांव मोती. मोती वाढला, ताठ कानांचा, सडपातळ आणि वाऱ्यासारखा धांवणारा झाला. नातू त्यास रोज पहाटे किल्ल्याच्या चढणीवर नेई आणि सायंकाळीं मैदानावर. पुढें बारावीची परीक्षा झाली आणि ऑगस्ट महिन्यांत नातू पुण्यास कॉलेजांत गेला. मोती मागें राहिला. आजोबांचे गुडघे दुखत; त्यामुळें मोतीचें फिरणें म्हणजे फाटकाबाहेरील दिव्याच्या खांबापर्यंत जाऊन परत येणें, एवढेंच उरलें.

सप्टेंबरांत पहिला खड्डा दिसला. ऑक्टोबर उजाडेपर्यंत अंगणाची दशा नांगरलेल्या शेताप्रमाणें झाली.

मग ह्या घरांत जें घडलें तें शेंकडों घरांत घडतें. गृहस्थांनीं खड्डे बुजविले. ते दुसऱ्या दिवशीं पुन्हां निघाले. किंबहुना अधिक खोल निघाले, कारण नुकतीच भरलेली माती भुसभुशीत असते, आणि भुसभुशीत माती पाहून पंजे शिवशिवणार नाहींत असा तरुण कुत्रा विरळा. नंतर शेजाऱ्यांच्या सल्ल्यांना ऊत आला. एकानें खड्ड्यांत तिखट टाकावयास सांगितलें, दुसऱ्यानें फिनेल ओतावयास, तिसऱ्यानें डांबराच्या गोळ्या पुरावयास. चौथ्या सद्गृहस्थांनीं तर खड्डा पाण्यानें भरून त्यांत कुत्र्याचें तोंड बुडवावें, म्हणजे जन्माची अद्दल घडते, असा तोडगा सुचविला. हा शेवटचा तोडगा आपल्याकडेच निघालेला नाहीं. पाश्चात्य देशांतील कांहीं शिक्षकहि मागील शतकांत तो सांगत असत. परंतु परदेशांतून आला म्हणून छळाचा उपाय होत नाहीं. तिखटानें कुत्र्याचे डोळे आणि नाक पोळतात. फिनेल आणि डांबराच्या गोळ्या हें तर विष आहे, आणि मातींत तोंड घालणाऱ्या प्राण्याच्या पोटांत तें जाणारच.

गृहस्थ मनानें कठोर नव्हते. त्यांनीं ह्यांपैकीं कांहीं केलें नाहीं. त्यांनीं फक्त काठी घेतली. सकाळीं खड्डा दिसला कीं मोतीस कान धरून खड्ड्यापाशीं न्यावयाचें, खड्डा दाखवावयाचा आणि दोन छड्या द्यावयाच्या. चार दिवसांनीं त्यांना असें आढळून आलें कीं ते अंगणांत येतांच मोती मान खालीं घालतो, कान पाडतो आणि पोटावर सरपटूं लागतो. ते पत्नीस म्हणाले, "पाहा, चोराच्या मनांत चांदणें! केलेलें सर्व त्याला कळतें."

येथें क्षणभर थांबलें पाहिजे, कारण कुत्र्यांवर होणाऱ्या निम्म्या अन्यायाचें मूळ ह्या एका वाक्यांत आहे. न्यूयॉर्क येथील बर्नार्ड कॉलेजांतील अलेक्झांड्रा होरोविट्झ ह्या विदुषींनीं ह्याच 'अपराधी मुद्रे'ची परीक्षा केली आणि तिचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध केला. प्रयोग साधा होता. मालकानें कुत्र्यापुढें खाऊ ठेवावयाचा, 'खाऊं नकोस' म्हणून बजावावयाचें आणि खोलीबाहेर जावयाचें. परत आल्यावर कुत्र्यानें तो खाल्ला कीं नाहीं हें मालकास सांगण्यांत येई. पण कधीं खरें, कधीं खोटें. ज्यांना 'खाल्ला' असें सांगितलें ते रागावले. आणि दिसून आलें तें असें कीं, कुत्र्याची मान खालीं जाते कीं नाहीं हें त्यानें खाऊ खाल्ला कीं नाहीं ह्यावर मुळींच अवलंबून नव्हतें. मालक रागावला कीं नाहीं, ह्यावर होतें. एवढेंच नव्हे, तर ज्यांनीं खाऊस तोंडहि न लावतां बोलणीं खाल्लीं, त्या बिचाऱ्यांची मुद्रा सर्वांत अधिक अपराधी होती! म्हणजे ज्यास मनुष्य पश्चात्ताप समजतो, ती प्रत्यक्षांत 'रागावूं नका' अशी विनवणी असते. मोतीनें रात्रीं दोन वाजतां उकरलें. काठी सकाळीं सात वाजतां आली. मधल्या पांच तासांचा पूल बांधण्याची युक्ति कुत्र्याजवळ नाहीं. सातच्या काठीनें त्यास एकच गोष्ट शिकविली: सकाळीं आजोबा जवळ येतात तेव्हां मार बसतो.

महाभारताच्या आदिपर्वांत ह्या विषयाचें एक विलक्षण आख्यान आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचें सत्र चाललें असतां सरमा नामक देवशुनीचा पुत्र तेथें आला. राजाच्या भावांनीं त्यास मारलें. तो रडत आईकडे गेला. तिनें विचारलें, तूं कांहीं अपराध केला असशील. तो म्हणाला, कांहीं नाहीं. हविर्द्रव्याकडे पाहिलें नाहीं, त्यास जीभ लाविली नाहीं. तेव्हां ती सरळ सत्रमंडपांत गेली आणि तिनें राजास जाब विचारला. कोणाजवळ उत्तर नव्हतें. निरपराध्यास मारलें म्हणून, न दिसणारें भय तुझ्यावर येईल, असा शाप तिनें दिला. आणि राजा इतका अस्वस्थ झाला कीं हस्तिनापुरास परतल्यावर तो शांतीसाठीं योग्य पुरोहिताच्या शोधांत निघाला. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभालाच मार खाल्लेल्या कुत्र्याची फिर्याद यावी, ही गोष्ट साधी नाहीं. सातारच्या अंगणांत मात्र जाब विचारावयास सरमा नव्हती.

काठीनें खड्डे थांबले नाहींत. ते फक्त गृहस्थांची पाठ वळल्यावर पडूं लागले. तेव्हां साखळी आली. पेरूच्या बुंध्याशीं पांच फुटांच्या साखळीनें मोतीस बांधण्यांत आलें. त्यानें पहिल्या दिवशीं झाडाभोंवतीं वर्तुळाकार चर खणला आणि दुसऱ्या दिवसापासून भुंकण्यास आरंभ केला. तो सकाळीं भुंके, दुपारीं भुंके, चंद्र वर आला म्हणजे विशेष भुंके. खड्ड्यांत पाणी भरावयास सांगणारे सद्गृहस्थच प्रथम तक्रार घेऊन आले. येथें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, कुत्र्यास अवाजवी आंखूड किंवा जड साखळीनें अवाजवी वेळ बांधून ठेवणें, आणि सदैव बांधलेल्या कुत्र्यास फिरवून न आणणें, हीं दोन्ही कृत्यें प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानें गुन्हा ठरविलीं आहेत. निराधार करून सोडून देणें हाहि त्याच कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. पुष्कळ सुशिक्षित घरांना हें ठाऊक नसतें.

अखेर गृहस्थांनीं कोरेगांवाकडील एका परिचितांस दूरध्वनि केला. त्यांच्या शेतावर जागा होती. येत्या रविवारीं त्यांचा टेंपो येणार आणि मोतीस नेणार, असें ठरलें. पुण्यास नातवाला कळवावयाचें कीं नाहीं, ह्याविषयीं पति-पत्नींत बराच वेळ बोलणें झालें आणि कळवूं नये असें ठरलें. त्यावरूनच हा बेत कोणासहि मनापासून पटला नव्हता हें उघड होतें.

गुरुवारीं गृहिणी म्हणाल्या, "रविवारपर्यंत तरी त्याला मोकळा सोडा. तीन दिवसांत अंगणाचें आणखी काय जायचें राहिलें आहे?" मोती सुटला. आणि ज्या गोष्टीकडे महिनाभर कोणी पाहिलें नव्हतें, ती त्यांच्या दृष्टीस पडली.

"अहो, जरा इकडे या. हे खड्डे एकसारखे नाहींत."

"खड्डा तो खड्डा. त्यांत निरखण्यासारखें काय आहे तुला?"

"हा पाहा, उथळ आहे, परातीसारखा. मोगऱ्यांतला अरुंद आणि खोल, कळशीसारखा. आणि फाटकाजवळचा तर खड्डाच नव्हे, लांबच लांब चर आहे."

त्यांनीं दिनदर्शिकेचें एक जुनें पान घेतलें आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर शनिवारपर्यंत टिपण ठेवलें: मोती केव्हां उकरतो, कोठें उकरतो आणि उकरून झाल्यावर काय करतो. कुत्र्याच्या खोडीवर आजवर जे उपाय निघाले, त्यांतील सर्वांत उपयोगाचा हाच असावा; आणि त्यास एक पैसाहि खर्च नाहीं.

परातीसारखा खड्डा भिंतीच्या सांवलींत, पाण्याच्या टांकीजवळ होता. तो दुपारीं बारा ते तीनच्या दरम्यान निघे, आणि उकरून होतांच मोती त्यांत अंग मुडपून झोपे. ऑक्टोबरचें ऊन आपल्याकडे वैशाखाची आठवण करून देतें. कुत्र्याच्या अंगास मनुष्याप्रमाणें घाम येत नाहीं. तो येतो केवळ पंजांच्या तळव्यांस. अंगांतील उष्णता बाहेर टाकण्याचें त्याचें मुख्य साधन म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणें. सूर्याची उष्णता जमिनींत हळूहळू उतरते. म्हणून वरचा तापलेला थर बाजूस केला कीं खालीं थंड, किंचित् ओलसर माती लागते. बांधकामापुढें पडलेल्या वाळूच्या ढिगावर रस्त्यावरचे कुत्रे खळगा करून पडलेले कोणीं पाहिले नाहींत? डार्विननें १८७२ सालच्या आपल्या ग्रंथांत लिहून ठेवलें आहे कीं, घरांत गालिच्यावर निजावयाचें असलें तरी कुत्रा गोल फिरतो आणि पुढच्या पायांनीं जमीन खरवडतो. जणूं गवत तुडवून त्यास बिछाना करावयाचा आहे. मोतीचा हा खड्डा म्हणजे दुपारची वामकुक्षी होती. त्यावरील उपाय एका दिवसांत झाला. टांकीजवळ ओलें गोणपाट, वर जुन्या चादरीची सांवली, शेजारीं पाण्याचें मोठें कुंडें, आणि ऊन चढलें म्हणजे मागच्या पडवींत शहाबादी फरशीवर त्यास जागा. परातीसारखे खड्डे आठवड्याभरांत बंद पडले.

कळशीसारख्या खड्ड्याची कथा निराळी होती. तो पहाटे किंवा रात्रीं निघे. उकरतांना मोती मधून मधून थांबून नाक खोल खुपसून फुरफुरे, मान तिरपी करून ऐके आणि पुन्हां दुप्पट वेगानें माती उडवी. मोगऱ्याच्या मागें भिंतीच्या पायाशीं घुशीचें बीळ सांपडलें. आणखी एक गोष्ट गृहिणींना आठवली, ती आठवतांच त्यांना हंसूं आलें: गणपतींच्या सुमारास मोगऱ्याला खत म्हणून त्यांनीं स्वतःच्या हातांनीं हाडांचा चुरा घातला होता. कुत्र्याचें नाक केवढें तीक्ष्ण, आणि त्याच्यापुढें मातींत पुरलेलीं हाडें! निमंत्रणपत्रिका घरच्यांनींच पाठविलेली होती.

अन्न पुरून ठेवणें आणि पुरलेलें उकरून काढणें ही कुत्र्यानें शिकलेली वाईट खोड नव्हे. लांडगा आणि कोल्हा हे त्याचे सोयरे तेंच करतात. त्यांतून मनुष्यानें कांहीं जाती मुद्दाम उकरण्यासाठींच तयार केल्या आहेत. 'टेरिअर' हा शब्दच भूमि ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला, आणि 'डॅक्सहुंड' ह्या जर्मन नांवाचा अर्थ 'बॅजरचा कुत्रा' असा आहे. बॅजर हा बिळांत राहणारा प्राणी, आणि त्याच्या बिळांत शिरण्यासाठींच ह्या कुत्र्याला ते आंखूड पाय व लांबट अंग. हौसेनें असा कुत्रा आणून तो उकरतो म्हणून कपाळावर हात मारून घेणें, म्हणजे गवयास घरीं ठेवून तो गातो म्हणून रुसण्यासारखें आहे. अशा घरानें उकरणें बंद करण्याची भाषा न करतां उकरण्याची जागा नेमून द्यावी.

खताविषयीं मात्र अधिक सावध राहिलें पाहिजे. हाडांच्या चुऱ्याहून पुष्कळ भयंकर वस्तु म्हणजे एरंडीची पेंड. ती बागेस उत्तम, पण एरंडाच्या बियांतील जहाल विष तिच्यांत राहूं शकतें, आणि तिच्या वासानें लोभावून ती खाल्लेले कुत्रे दगावल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. घुशीसाठीं ठेवलेलें विषहि तसेंच. तें घूस खाईल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं, कुत्रा खाण्याचा धोका मात्र नेहमींच असतो. कण्हेरीचें झाड तर मुळापासून पानापर्यंत विषारी आहे. ज्याच्या अंगणांत उकरणारा आणि मुळ्या चावणारा कुत्रा असेल, त्यानें तिच्या आळ्याकडे मोतीसारख्या प्राण्यास फिरकूं देऊं नये. ह्या घरांत घुशीसाठीं पिंजरा लावण्यांत आला, बीळ दगड-चुन्यानें बंद केलें गेलें, मोगऱ्याभोंवतालची वरची माती बदलली. मग आळ्यांत दोन-तीन इंच मातीखालीं कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरली. तिच्या कडा आंत वळवून घेतल्या, म्हणजे पंजा कापत नाहीं. वर नदीकांठचे गोटे मांडले. पंज्यास जाळी लागली कीं कुत्र्यास त्या जागेचा कंटाळा येतो. अळवाच्या वाफ्यास मात्र असें कांहीं करतां आलें नाहीं. त्यास बांबूचें कुंपण घालावें लागलें, आणि तेंहि मोतीनें एकदां ओलांडलें.

हें सर्व तुलनेनें सोपें होतें. तिसरा खड्डा कठीण होता.

दिनदर्शिकेच्या पानावर फाटकाच्या चरापुढें तिन्ही दिवशीं त्याच दोन वेळा लिहिलेल्या होत्या: पहाटे सव्वापांच आणि सायंकाळीं साडेपांच. गृहिणींनीं तें पान पतीच्या हातीं दिलें आणि त्या आंत निघून गेल्या. सव्वापांच ही नातवाची किल्ल्यावर निघण्याची वेळ. साडेपांच ही मैदानावर जाण्याची. नातू जाऊन दोन महिने झाले होते. कोणीहि हांक मारीत नसतांना मोती त्या त्या वेळीं उठे, फाटकाशीं जाई, कांहीं वेळ उभा राही, आणि मग फाटकाखालून वाट काढण्याच्या उद्योगास लागे.

शनिवारीं सायंकाळीं कोरेगांवास पुन्हां दूरध्वनि गेला. बेत रद्द झाला असें गृहस्थांनीं सांगितलें नाहीं. एक महिना पुढें ढकलला, एवढेंच सांगितलें.

फाटकाखालीं दगड बसविणें सोपें होतें, आणि ते बसविलेहि. न बसविल्यास एके दिवशीं मोती बाहेर जाऊन वाहनाखालीं सांपडला असता. परंतु दगडांनीं पाय थांबतात, पायांतील रग थांबत नाहीं. दीड वर्षाचा निरोगी कुत्रा म्हणजे भर तारुण्यांतील प्राणी. ज्याचे दिवसाचे दोन तास चढणीवर आणि मैदानावर जात, त्यास दिव्याच्या खांबापर्यंतची फेरी म्हणजे भुकेल्यास शितानें जेवूं घालणें आहे. उरलेली शक्ति कोठें तरी जाणारच. ती बूट चावण्यांत जाते, भुंकण्यांत जाते, नाहीं तर मातींत जाते. उकरणाऱ्या कुत्र्याच्या दहा मालकांस 'तो रोज किती धांवतो?' असें विचारावें. बहुतेकांचें उत्तर देण्यापूर्वीं घुटमळणेंच पुरेसें बोलकें असेल.

पण आजोबांच्या गुडघ्यांचें काय? हा प्रश्न पुष्कळ घरांचा आहे. कुत्रा मुलांनीं आणावा, मुलें शिक्षणास किंवा नोकरीस जावींत आणि कुत्रा वृद्धांच्या गळ्यांत पडावा, हें आतां घरोघर दिसतें. येथें मार्ग शेजारींच निघाला. पलीकडच्या घरांतील एक तरुण पोलीसभरतीच्या तयारीसाठीं रोज पहाटे धांवावयास जाई. त्यास एकट्यानें धांवण्याचा कंटाळा होता, आणि मोतीस तर कंटाळा म्हणजे काय हें पहाटे ठाऊकच नव्हतें. दुसऱ्या दिवसापासून दोघेहि बरोबर निघूं लागले.

सायंकाळ आजोबांकडे आली. त्यांना धांवतां येत नव्हतें. पण कुत्र्याचे पाय दमविण्याइतकेंच त्याचें नाक दमविणें उपयोगाचें असतें, आणि त्यास गुडघे लागत नाहींत. भाकरीचे बारीक तुकडे करावयाचे. मोतीस पडवींत बसवून ते कुंड्यांमागें, पायऱ्यांच्या फटींत, उपड्या घातलेल्या टोपलीखालीं लपवावयाचे. आणि मग 'शोध' म्हणून सोडावयाचें. पहिल्या दिवशीं मोती गोंधळला आणि आजोबांच्या हाताकडेच पाहत बसला. आठवड्यानें तो अर्ध्या तासांत वीस तुकडे शोधून काढी आणि नंतर पाय ताणून असा झोपे, जणूं सारा किल्ला चढून आला आहे.

पेरूच्या झाडाखालीं, जेथें पूर्वीं साखळी होती, तेथें मोतीची स्वतःची जागा करण्यांत आली. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट खोल. माती काढून तींत निम्मी वाळू मिसळली आणि कडेनें विटांची ओळ लाविली, म्हणजे हद्द दिसावी. पहिल्या दिवशीं तींत जुना रबरी चेंडू निम्मा उघडा ठेवून पुरला, दुसऱ्या दिवशीं पुरता झांकला, तिसऱ्या दिवशीं त्याच्या जोडीस नारळाची सोडणें पुरलीं. शिजविलेलीं हाडें कधींहि पुरूं नयेत; त्यांच्या अणकुचीदार चिरफळ्या होऊन त्या घशांत किंवा आंतड्यांत रुततात. मोती तेथें उकरूं लागला कीं आजोबा त्याच क्षणीं 'शाबास' म्हणत. नंतर म्हणून उपयोग नाहीं, तेंहि सातच्या काठीसारखेंच निरर्थक. तो दुसरीकडे उकरतांना दिसला, तर एकदांच 'मोती!' अशी हांक, आणि त्यास चुचकारत विटांच्या हद्दींत नेणें. कोणी पाहत नसतांना झालेला खड्डा मुकाट्यानें बुजवावयाचा. ह्या शेवटच्या नियमाचा गृहस्थांना फार त्रास झाला. दोनदां तरी त्यांचा हात कोपऱ्यांतील काठीकडे गेला.

गाभण कुत्री, किंवा माजावर येऊन गेल्यावर दोनएक महिन्यांनीं कांहीं काळ गाभण असल्याप्रमाणें वागणारी कुत्री, कोपरा शोधून खळगा करते. ती पिलांसाठीं जागा करीत असते, तिला उबदार खोकें द्यावें आणि बोलूं नये. म्हाताऱ्या कुत्र्यानें एकाएकीं घरांतली जमीन खरवडण्यास आरंभ केला, तर पशुवैद्यास दाखवावें. ह्या गोष्टी निराळ्या आहेत.

मोतीच्या अंगणांत सुधारणा सरळ रेषेनें झाली नाहीं. पहिल्या पंधरवड्यांत खड्डे निम्म्यावर आले. मग तो शेजारचा तरुण चार दिवस परगांवीं गेला आणि पांचव्या दिवशीं जास्वंदीचें एक झाड आडवें झालेलें दिसलें. दिवाळीच्या फटाक्यांच्या रात्रीं मोतीनें पडवीच्या दाराशीं उकरलें. पण ती भीति होती, तिला दोष काय द्यावयाचा? त्यास आंतल्या खोलींत घेऊन पंखा मोठा लावून ठेवला. मार्गशीर्षांत मोगऱ्यानें नवी पालवी धरली. आजोबा अंगणांत आले म्हणजे मान खालीं घालण्याची मोतीची खोड मात्र खड्ड्यांहून चिवट निघाली. ती जावयास त्याहून अधिक दिवस लागले. एके दिवशीं ते सहज काठी टेकीत फुलें तोडावयास गेले, तर तो उठून दूर जाऊन उभा राहिला. त्यानंतर ते काठी फाटकाबाहेर जातांनाच हातीं घेत. कोरेगांवाचा विषय घरांत पुन्हां निघाला नाहीं.

जानेवारींत पहिलें सत्र संपवून नातू तीन आठवड्यांसाठीं घरीं आला. मोतीनें त्या तीन आठवड्यांत विटांच्या हद्दींतसुद्धां फारसें उकरलें नाहीं. त्यास वेळच नव्हता. मग एके दिवशीं सायंकाळच्या गाडीनें नातू पुण्यास परत गेला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं फाटकाच्या दगडांशेजारीं, जेथें जमीन जरा मऊ होती, तेथें एक लहान, ताजा खड्डा होता.

गृहस्थ कुदळ घेऊन आले. गृहिणी तुळशीला पाणी घालीत होत्या. त्या म्हणाल्या, "आजचा दिवस राहूं द्या तो."

गृहस्थांनीं कुदळ भिंतीस टेकवून ठेवली. मोती पायरीवर बसला होता. ते जवळ आले तेव्हां त्याची मान वरच होती. त्यांनीं खुंटीवरचा पट्टा काढून त्याच्या गळ्यांत अडकविला, आणि त्या दिवशीं तीं दोघें दिव्याच्या खांबाच्या पुढें, पार मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आलीं. येतांना मोतीनें पट्टा ओढला नाहीं.